चिचगडले गेलेला मेल

चंचलचे बाबा,

मी चिचगडले जाऊन राहिली, संध्याकाळच्या बसनं येईन. वरण गरम करून घेजा, रागात उपाशी राहू नका.

तुमी म्हणाले होते, तिथल्या बायांपाशी कुठला ईमेल? खरंच नाही. म्हणून घरबसल्या साबण-क्रीम विकायच्या धंद्याची सारी माहिती मी सोता टाइप केली अन् तिथल्या इंटरनेट कॅफेवाल्याले मेल केली. त्याच्या बायकोनं मेल कागदावर छापून बचत गटात वाचून दाखवला. आता साऱ्या बाया मलेच बलावून राहिल्या!

मेलखाली घरचा नंबर देला हाय. फोन आला तं 'बायको घरी नाही' म्हणू नका. आजवर 'साहेब बाहेर गेले' मी सांगत आली. आज तुमी सांगजा, मॅडम मीटिंगले गेल्या.

रविता