विचारल्याशिवाय ठेवणार नाही

३ फेब्रुवारी, सकाळ

राष्ट्रीय रग्बी संघाचा प्रशिक्षक झालो. पत्रात 'तात्पुरता' असा शब्द आहे, पण पत्र लिहिणारा माझा मेहुणाच. रग्बी मंडळाचा सेक्रेटरी आहे, जपून लिहायची सवय.

आपला देश पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या दाराशी उभा आहे. सगळ्यात खालच्या गटाच्या दाराशी, पण दार ते दारच. एक पात्रता सामना जिंकायचा की आत. मग मला कायम करणार. मेहुणा म्हणाला, भावोजी, दुसरं कोणी मिळालंच नाही हो. माझ्या तोडीचा माणूस मिळणं कठीणच.

संघ कुठून आणायचा हा प्रश्न मी उभ्या उभ्या सोडवला. घरसामान हलवायची माझी कंपनी आहे. माझी माणसं फ्रीज पाठीवर घेऊन जिने चढतात. त्यांच्यापुढे रग्बीचा चेंडू म्हणजे चिंचोका.

सौ. म्हणाली, आपल्या घरातला सोफा कुठे ठेवायचा हे तुमचं अजून ठरत नाही, आणि निघालात देशाचा संघ उभा करायला. दुर्लक्ष केलं. सोफ्याला विचार लागतो.

आजपासून रोज पहाटे पळणार. नियमांचं पुस्तक आणलंय, तेही रोज वाचणार.

४ फेब्रुवारी

पळालो नाही. बूट नवे आहेत, चावतील. पुस्तकाची प्रस्तावना वाचली. छान आहे.

६ फेब्रुवारी

संघ निवडला. कामावर हजर असलेले सगळे निवडले गेले. गोडाउनमागच्या मोकळ्या मैदानात रांग लावली तेव्हा ऊर भरून आला. मध्ये आमचा कपाट. खरं नाव पगाराच्या दिवशीच आठवतं. दारातून आडवा होऊन आत येतो. त्याच्या शेजारी शिडी, उंच आणि वात्रट.

चिमी, माझी मुलगी, कॉलेजात हा खेळ खेळायची. गुडघे फोडून घरी यायची. मी म्हणायचो, निघून जाईल खूळ. उत्तेजन म्हणून तिला पाण्याच्या बाटल्यांचं खातं दिलं. ती काहीच बोलली नाही. आनंद झाला की माणूस गप्प होतो.

भाषण केलं. रग्बीत चेंडू हातात घेऊन पुढे धावायचं, पण द्यायचा तो मागच्यालाच. पुढे फेकलात की चूक. सगळे माना डोलवत होते. जिन्यावरून सामान उतरवताना यांच्यातला एक जण उलटाच चालतो. मागे बघणं यांच्या रक्तात आहे. हे कोणाच्या लक्षात आलं? माझ्या.

शिडीने विचारलं, साहेब, हे ओव्हरटाइममध्ये धरणार का? देशप्रेमावर बोललो. त्याने पुन्हा तेच विचारलं.

११ फेब्रुवारी, दुपार

डोकं उठलंय. एका बाईंचं घर लावायला गेलो होतो. लाकडी कपाट उचलून आमचा कपाट बिचारा उभा, आणि बाईंचं आपलं, जरा डावीकडे. नाही, उजवीकडे. खिडकीसमोर नको. पुन्हा मघाशी होतं तिथेच. शेवटी ते पूर्वीच्याच जागी आलं. अशा माणसांना निर्णयच घेता येत नाहीत. कीव येते.

कपाटाने मात्र हूं का चूं केलं नाही. आमच्या ट्रकच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिलंय: विचारल्याशिवाय ठेवणार नाही. मीच सुचवलेली ओळ. एकदा एकाने आरसा मनाने कुठेतरी टेकवला आणि मालकिणीचा पाय त्यात गेला, तेव्हापासून हा नियम. वस्तू हातात असली की मालकाकडे बघायचं, कुठे ठेवू विचारायचं, मगच ठेवायची. झोपेतसुद्धा माझी माणसं उशी विचारून ठेवतील.

हीच शिस्त देशाला पुढे नेणार.

१२ फेब्रुवारी

पळालो. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. येताना रिक्षा मिळाली.

२२ फेब्रुवारी

अग्निशमन दलाच्या संघाशी सराव सामना. निकाल लिहीत नाही, सराव होता.

काही गोष्टी मात्र नोंदवण्यासारख्या. दोन्ही बाजूंचे धिप्पाड गडी डोकी भिडवून एकमेकांना रेटतात त्याला स्क्रम म्हणतात. आमच्यांनी 'एक, दोन, उचल' म्हणून समोरची पूर्ण रांग जमिनीवरून उचलली. रेफरी म्हणाला, असं करायचं नसतं, रेटायचं असतं. पण ताकद दिसली. शिवाय कोणी अंगावर आलं की आमची मुलं चेंडू काचेचा असल्यासारखा हळूच बाजूला ठेवत होती, आणि समोरचे तो उचलून पळत होते. शिडीचं मागून चालूच होतं, सांभाळून, सांभाळून, कोपरा लागेल. पडलेल्या बंबवाल्याला कपाटाने हात देऊन उभं केलं आणि त्याची माती झटकली.

एकाही वस्तूची मोडतोड झाली नाही. असं किती प्रशिक्षकांना म्हणता येईल?

आम्ही त्यांच्या टोकाच्या रेषेपर्यंत पोचलो नाही, एवढंच.

२३ फेब्रुवारी, जेवताना

चिमी म्हणाली, बाबा, रेषेपलीकडे गेल्यावर काय करायचं याचाही सराव घ्या. चेंडू स्वतःच्या हाताने जमिनीला टेकवला तरच ट्राय, तरच पाच गुण. मी म्हटलं, अगं, माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवतेस का? ही माणसं पियानो टेकवतात. ती म्हणाली, म्हणूनच सांगतेय. कोड्यात बोलते. आईवर गेली आहे.

मग ती कसल्याशा परीक्षेबद्दल सांगत होती. मी कपाटाच्या आहाराविषयी बोलत होतो, त्यामुळे नीट ऐकू आलं नाही. पास झाली असावी. सौ.ने गोड केलं होतं. माझ्या नेमणुकीचं बहुतेक.

१ मार्च

शिट्टी विकत घेतली. आवाज उत्तम.

नियमांचं पुस्तक सापडत नाही.

४ मार्च

सापडलं. सोफ्याचा पाय डुगडुगत होता म्हणून सौ.ने त्याखाली घातलंय. सोफा अजून हॉलच्या मधोमध असल्यामुळे तिथून काढणं बरोबर नाही. नियम तसेही रक्तात असावे लागतात.

१५ मार्च

मन लावून सराव. कपाट आता चेंडू सोडत नाही. तिघे लोंबकळले तरी चालतच राहतो. अंगावर शहारा आला. सरावानंतर तो घाम पुसत माझ्याकडे आला. साहेब, पलीकडे गेल्यावर नेमका कुठे ठेवायचा? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला (टाचा उंच करून) आणि म्हटलं, तू पोच तर खरा. सांगायला मी आहे ना!

त्याच्या चेहऱ्यावर केवढा विश्वास! चिमी बाटल्या गोळा करत होती. तिने कपाळावर हात मारला. ऊन होतं.

२७ मार्च

उद्या सामना. पाहुणा संघ येऊन पोचला. आंतरराष्ट्रीय मंडळाचे निरीक्षकही आलेत, फार कमी बोलतात. त्यांना ट्रक दाखवला. ट्रकमागच्या ओळीचा अर्थ सांगितला. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचली. प्रभावित दिसले.

कायम झाल्यावर ऑफिसच्या दारावर पाटी कशी असावी याचा विचार करतोय. पितळी.

२८ मार्च, संध्याकाळ

आधी हे लिहून ठेवतो की चूक माझी नाही.

सामना शेवटपर्यंत अटीतटीचा. आमचे सगळे गुण शिडीच्या किकवर आले. त्यांच्या स्क्रमने आम्हाला एक इंचही मागे रेटलं नाही. आपली मुलं भिंतीसारखी उभी. रेफरीने माझी शिट्टी पूर्वार्धातच काढून घेतली. तिच्यामुळे दोनदा सगळे थांबले होते.

शेवटच्या मिनिटाला आम्ही चार गुणांनी मागे. एक ट्राय झाला की पाच गुण, म्हणजे जिंकलोच. चेंडू कपाटाकडे आला. तो निघाला. एक लोंबकळला, दुसरा लोंबकळला, दोघेही गळून पडले. कपाट रेषा ओलांडून पलीकडे गेला. समोर कोणी नाही. मैदान ओरडतंय. चिमी बाटल्या टाकून उड्या मारतेय, टेकव, टेकव!

आणि कपाट थांबला. चेंडू छातीशी धरून वळला, माझ्याकडे बघितलं आणि एवढ्या गोंगाटात अदबीने विचारलं, साहेब, कुठे ठेवू?

आता, कोणी घाईगडबडीचा माणूस असता तर म्हणाला असता, ठेव तिथेच. पण ट्रायनंतर किक मारायची असते आणि तिचे आणखी दोन गुण. चेंडू गोलच्या खांबांच्या मध्ये टेकवला तर किक सोपी. पाचावर समाधान कोणीही मानेल. मी सातांचा विचार करत होतो. मी ओरडलो, मध्ये आण, मध्ये.

तो मध्ये आला. पाहुणे नुसते बघत उभे राहिले. असलं त्यांनी कधी पाहिलेलं नसावं. मी जिथे उभा होतो तिथून तो थोडा उजवीकडे वाटला. म्हटलं, जरा डावीकडे. आला. म्हटलं, नाही, जास्त झालं, जरा उजवीकडे. आला. मग मला वाटलं, थोडं मागे घेतलं तर...

तेवढ्यात पाहुण्यांना जाग आली. चौघे मिळून त्याच्यावर आदळले आणि त्याला चेंडूसकट मागच्या रेषेबाहेर घेऊन गेले. शिट्टी. सामना संपला.

कपाट उठला. चेंडूला काही झालं नाही ना ते पाहिलं. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, साहेब, डावीकडे बरोबर होतं.

चिमी कुठे दिसली नाही. नंतर ट्रकच्या पायरीवर दिसली, तोंड दोन्ही हातांत. मी शेजारी बसलो. म्हटलं, तो पाच पावलं आधी थांबला असता तर मला अंदाज आला असता. ती म्हणाली, बाबा, नका ना बोलू. मग तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. विचारलं नाही.

घरी आलो तर सोफा भिंतीला लागलेला. सौ. म्हणाली, दोन हातांनी ढकलला, लागला. कोणाला विचारत बसले नाही.

२९ मार्च

पाठ धरली आहे. सोफा तिथे बरा दिसतो. हे बोललो नाही.

४ एप्रिल

मेहुणा आला. बराच वेळ चहा ढवळत बसला. निरीक्षकांनी अहवालात लिहिलंय म्हणे की गुण करायचे सोडून परवानगी मागणारा खेळाडू त्यांनी आजवर पाहिलेला नाही. पण ज्याला कोणी मागे रेटू शकत नाही असा नवा संघही क्वचितच पाहिलाय. म्हणून खालच्या गटात एक वर्षासाठी जागा मिळाली आहे. आत गेलो! मी मेहुण्याला मिठी मारणार होतो. तो म्हणाला, थांबा भावोजी, एक अट आहे. प्रशिक्षक परीक्षा पास झालेला हवा.

मी म्हटलं, असा माणूस देशात कुठे मिळणार? मेहुण्याने सौ.कडे बघितलं. सौ.ने चिमीकडे. चिमीने बशीकडे.

तर त्या दिवशीचं गोड चिमीच्या परीक्षेचं होतं.

५ एप्रिल

संपूर्ण विचारांती मी स्वतःहून बाजूला झालो आहे. नव्या पिढीला संधी द्यायला हवी, हे माझं मत पहिल्यापासून आहे. बाटल्या आणि सामान यांचं खातं रिकामं होतं, ते सांभाळीन म्हणालो. चिमी म्हणाली, चालेल, पण मैदानावर चिमी म्हणायचं नाही.

पुस्तक तिने सोफ्याखालून काढलं. सोफा डुगडुगला नाही.

१२ एप्रिल, सकाळ

तिचा पहिला सराव. दुसरं काही नाहीच. चेंडू घ्या, रेषा ओलांडा, टेकवा. पुन्हा. पुन्हा. शिडी म्हणाला, मॅडम, हे ओव्हरटाइममध्ये धरणार का? ती म्हणाली, आधी ट्राय कर, मग धरू. तो लगेच पळाला. मला हे सुचलं असतं.

कपाट पहिल्या वेळी पलीकडे जाऊन थबकलाच. माझ्याकडे वळला. मी आकाशाकडे बघितलं. फार वेळ बघितलं. मान दुखायला लागली तेव्हा धप्प आवाज आला आणि सगळे ओरडले. खाली बघितलं तर कपाट चेंडूवर आडवा पडून हसत होता.

मी ट्रकमधून बाटल्यांची पेटी उतरवली. जड आहे. दोन्ही हातांनी धरून मैदानाच्या कडेला तिच्याजवळ नेली. ती मुलांकडे बघत होती. मी वाट पाहिली. मग विचारलं, मॅडम, कुठे ठेवू?

ती वळली. बघत राहिली. मग म्हणाली, टेकवा बाबा, कुठेही.

टेकवली.

जरा डावीकडे हवी होती. पण राहू दिली.