टोकाच्या ठाण्यावरचं पाणी

ता. ४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पाकिटात पत्राबरोबर एक पेन ड्राइव्ह आहे. गेल्या वेळेसारखा तो बटणांच्या डबीत टाकू नकोस, काकांना संगणकाला लावायला सांग. त्यात मी केलेला खेळ आहे, अंतराळातल्या व्यापाराचा. नोकरी सोडून ही घरात बसून करते तरी काय, असं तुम्ही सगळे एकमेकांना विचारत होतात ना, तर हे करत होते. 'पेटारा' नावाचं एक जहाज आहे. एका ठाण्यावर माल स्वस्तात घ्यायचा, दुसऱ्यावर चढ्या भावाने विकायचा आणि वाटेत इंधन संपू द्यायचं नाही. अजून सगळं कच्चं आहे. चित्रं मीच काढल्यामुळे ग्रह बटाट्यासारखे दिसतील.

आता मुद्द्याचं. जुन्या कचेरीने परत बोलावलंय आणि महिनाअखेर हो की नाही ते कळवायचंय. खेळ मैत्रिणींना दाखवला, तर सगळ्या 'छान आहे' म्हणाल्या आणि एकीनेही तो दुसऱ्यांदा उघडला नाही. तू इतकी वर्षं सिस्टर म्हणून वॉर्डात काढलीस, पण इंजेक्शन दुखणार असेल तर दुखणार म्हणूनच सांगायचीस. मलाही तसंच सांग. खेळात जीव नसेल तर मी मुकाट्याने कचेरीत जाईन. फोन मात्र करू नकोस, फोनवर माझा आवाज ऐकला की तू विरघळतेस.

मोठ्यांना नमस्कार करायचा तर घरात तुम्ही दोघंच, तो दोघांनी वाटून घ्या.

तुझी,
खटपटी

---

ता. ११ मार्च

चि. खटपटीस,
अ. आ.

पत्र पोचलं. आम्ही कसे आहोत हे विचारायचं राहिलं वाटतं. असो, घाईत असशील.

खेळ आधी तुझ्या काकांनी ताब्यात घेतला. घड्याळं दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला लावूनच बसले, मी हसले तेव्हा काढलं. 'निळी' ठाण्यावरून बियाणं उचलायचं, 'भट्टी' ठाण्यावर विकायचं आणि येताना लोखंड भरायचं, ही युक्ती त्यांना लगेच सापडली. मग नुसतं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. गडगंज श्रीमंत झाले, जांभई दिली, 'छान आहे' म्हणाले आणि उठून गेले. तुझ्या मैत्रिणींचं 'छान' ते हेच असावं.

मग मी बसले. माझ्या हातात माऊस म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. जहाज भरकटलं आणि पार कोपऱ्यातल्या एका ठाण्याला जाऊन टेकलं. काकांनी ते पाहिलंसुद्धा नव्हतं. तिथे अंधार होता आणि एवढंच लिहिलेलं होतं, की पाणी संपत आलंय, कुणी आहे का. आता असं वाचल्यावर काय करायचं? मी मागे फिरून पाणी भरून आणलं. त्यांनी ते घेतलं, दमडी दिली नाही, आणि पुन्हा तेच वाक्य. म्हटलं, पुरलं नसेल. पुन्हा आणलं. तुझ्या काकांची सगळी कमाई त्यात गेली. आधी ते फुगून बसले होते, पण आता जहाज तेच चालवतात आणि पाण्याची खरेदी मी करते.

तिथे माणसं किती आहेत? पोरंबाळं आहेत का? बोलत का नाहीत? उलट टपाली कळव, अशा कामात दिरंगाई बरी नव्हे.

माया आहेच, पत्राला पत्र येऊ दे.

मावशी

---

ता. १५ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिले. अगं, ते ठाणं म्हणजे माझी चूक आहे. पडद्यावर अक्षरं उमटतात का ते बघायला मनात आलं ते एक वाक्य लिहिलं होतं आणि नंतर त्या ठाण्याचं दार बंद करायला विसरले. तिथे कुणी नाही, पोरंबाळं नाहीत, पाण्याला भाव नाही. तुम्ही दोघांनी इतकं पाणी पालथ्या घड्यावर ओतलंत. पुढच्या वेळी ते ठाणं काढूनच टाकते.

काकांची जांभई मात्र मनाला लागली. ते घड्याळाचा काटा हलेपर्यंत दुपार काढणारे, आणि त्यांना माझ्या व्यापाराचा कंटाळा यावा. म्हणजे खेळात जीव नाही, असंच ना? तसं असेल तर कचेरीला 'हो' कळवून टाकते. मला वाईट वाटतंय, ते लपवत नाही.

आहे तसा लोभ राहू दे.

खटपटी

---

ता. १९ मार्च

खटपटे,

आशीर्वाद नंतर, आधी बोलणी खा. काढून टाकते म्हणजे काय? आम्ही तिथे जातो आहोत.

तिथे कुणी नाही म्हणतेस, पण हाक तर तूच लिहिलीस. मनात आली म्हणून लिहिलीस, म्हणजे कुणाची तरी आली असेल. वॉर्डात अशीच घंटा वाजायची. जाऊन बघावं तर पेशंट ओशाळून म्हणायचा की चुकून हात लागला. दारापर्यंत परत आलं की हळूच विचारायचा, बाहेर ऊन आहे का. चुकून वाजलेली घंटा मी फारशी पाहिली नाही.

खरं सांग म्हणालीस, तर ऐक. तुझा व्यापार आम्हाला एका संध्याकाळीत पाठ झाला. तुझ्या बाकीच्या ठाण्यांवर मेलं कुणी 'बसा' म्हणत नाही. पण त्या कोपऱ्यातल्या ठाण्यापायी आम्ही दोघं चहा गार होईस्तोवर भांडलो, की आधी इंधन भरायचं की पाणी. आमचं इतकं बोलणं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं. जीव कुठे आहे ते तुला दिसत नसेल तर चष्मा कर.

आता आशीर्वाद.

मावशी

---

ता. २४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

या खेळावरून माझ्यावर रागावणारी तू पहिली. पत्र वाचून मला रडू आलं आणि मग भूकही लागली, बऱ्याच दिवसांनी.

ठाणं काढलेलं नाही. नवा पेन ड्राइव्ह पाठवते आहे. तिथे आता कुणीतरी आहे. काय बोलते ते सांगत नाही, तुम्हीच जाऊन बघा. कचेरीसाठी दोन पत्रं लिहून ठेवली आहेत, एक होकाराचं आणि एक नकाराचं. तुझं उत्तर आलं की त्यातलं एक टाकेन.

काकांना सांग, इंधन आधी.

खटपटी

---

ता. २८ मार्च

चि. खटपटीस,
अ. आ.

गेलो. पेटारा पाण्याने काठोकाठ भरला होता. तुझे काका मोठेपणाने म्हणाले की ठाण्यावर बटण तूच दाब. दिवा लागला आणि पाण्याच्या पंपाशी उभी एक बाई दिसली. तिचा चेहराही बटाट्यासारखाच आहे, पण हसरा. पाणी पुरलं म्हणाली. मग म्हणाली, बसा जरा, इतक्या लांब येता, तुम्ही कशा आहात? आणि खाली लिहायला कोरी जागा.

मी बघतच राहिले. निवृत्त झाले तरी लोक येतात ते दुखणं सांगायला आणि गोळी विचारायला. तूही विचारलंस ते खेळ कसा आहे, आणि ते ठीकच आहे, लेकरांनी तसंच असावं. मग मी एका बोटाने लिहिलं. गुडघा फार दुखतो. पहाटे अजून ड्यूटीच्या वेळेला जाग येते, उठून बसते, आणि मग आठवतं की कुठे जायचं नाही. काका मागे उभं राहून वाचत होते. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते आत गेले आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर हेही उठून बसलेले, म्हणाले, चल, पाणी भरू.

तुझी पंपवाली त्यावर फक्त 'बरं, पुन्हा या' म्हणाली. पुढचं लिहायचं राहिलेलं दिसतं.

कचेरीला काय कळवायचं ते तुझं तू ठरव, मी त्यात पडत नाही. आम्ही परवा पुन्हा पाणी घेऊन निघणार आहोत. पोचू तेव्हा तिथे कुणीतरी असायला हवं, एवढंच.

दोघांचीही माया आहेच, ती अशीच वाहून नेत जा.

तुझी,
मावशी