सहावी मुलगी

स्टुटगार्ट,
२० मे २००४

ती. ताई,
दिनकरचा नमस्कार. आम्ही दोघे बापलेक ठीक आहोत. मेतकूट पोचले. तुझा गुडघा आता कसा आहे?

स्पर्धेचे विचारले होतेस. रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये क्लबचा संघ पहिला आला, पण पाच मुलींत ईप्सिता नव्हती. सरला गेल्यावर तेरा दिवस तिला सरावाला पाठवले नाही. तेव्हा तिच्या कोच, फ्राऊ लांगे, माझा हात धरून म्हणाल्या होत्या, "घरचे आधी. तिची जागा कुठे जात नाही." चौदाव्या दिवशी गेलो तर जागा दुसरीला दिलेली. ईप्सिता राखीव, सहावी. तेरा दिवस पाळायचे तू सुचवलेस म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. मलाही तेच योग्य वाटले.

स्पर्धेत त्या दुसऱ्या मुलीच्या अंगावर ईप्सिताचाच पोशाख होता. त्यावरचा एकेक चमकता खडा सरलाने आजारपणात, पलंगावर बसून लावला होता. मला बघवेना.

नंतर लांगेबाईंनी मलाही संघाबरोबर फोटोला बोलावले. "सरलाला किती आनंद झाला असता!" म्हणाल्या. मी जाऊन उभा राहिलो. हसलोही.

ईप्सिता समोरच बसली होती. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त जर्मनमध्ये बोलते.

आईला यातले काही कळवू नकोस.

तुझा,
दिनकर