देवघरातलं कासव

१७ मे २००७. सकाळी
पुण्याची नात हर्षाली कासव ठेवून गेली. बशीएवढं, कानापाशी लाल पट्टा. ती मामाकडं चाललीय, तिथं मांजर हाय. म्हणाली, आजी, तुझ्या भरवशावर ठेवते, समदं कागदावर लिहिलंय, वाच बरं. म्हटलं, चार पोरं अन् बारा म्हशी संभाळल्या मी! कागद देवाच्या फोटोमागं जपून ठेवला. आनंद मावंना.

१८ मे
धोंड्याचा महिना अन् कासव घरात! देवळातलं दगडाचं, आमचं चालतं. हळदकुंकू वाहिलं, पाठीला खोबरेल चोळलं. त्याचं पाण्याचं घमेलं देवघरात सावलीला. दूधभाताचा निवद. खाल्ला असंल, पाणी पांढरं झालंय.

२३ मे
शेजारची बायडाबाई सात बाया घेऊन दर्शनाला. आमच्या खोडदला लोक त्या मोठ्ठ्या दुर्बिणी बघाय येत्यात, आता माझ्याकडं बी. बायडाबाई म्हणती, अगं, देवाला वास मारतोय. जळती मेली.

२७ मे. एकादशी
कासवाला बी उपास. डोळं मिटून बसलंय. ध्यान लागलं.

३० मे
ध्यान अजून हायेच. हर्षालीचा फोन. म्हटलं, लई मजेत हाय. उद्यापासून रोज पाणी बदलायचं. नक्की.

३१ मे
बाया लई आल्या. पाणी उद्या.

४ जून
मान बी काढंना. आमचे हे म्हणाले, ध्यान न्हाई, मरतंय ते. घमेलं मांडीवर घेऊन यांच्या एम-एटी गाडीवर जनावरांच्या दवाखान्यात. डाक्टर म्हणाले, आजी, डोळे सुजलेत. तेल, कुंकू धुवा, ऊन द्या, स्वच्छ पाणी द्या, गांडुळं चारा. मी माळकरीण! गळ्यातली माळ पदराखाली झाकली अन् परसात गांडुळं उकरली. बायडाबाई कुंपणावरनं इचारती, काय गं, निवद बदलला का?

१० जून
हर्षाली आली. कासवानं कालच एक डोळा किलकिला केलाय, दुसरा मिटलेलाच. पोरगी रागावली न्हाई. रागावली असती तर बरं व्हतं. फोटोमागचा कागद काढला. त्याच्यावर बी माझं हळदकुंकू. घडी तशीच. उघडून माझ्या हातात दिला अन् कासव घेऊन उन्हात जाऊन बसली.
मोठ्या मोठ्या अक्षरात पहिलीच ओळ : आजी, दूध देऊ नको, रोज ऊन दे.
दुसरी पास हाय मी. एवढं वाचता येतं मला.