गॅस धुण्याचा खर्च माझ्या वाट्यातून नाही

सगळ्यांत आधी आली ती रेश्मा. कंपनीची पांढरी गाडी अजून पाणंदीतच होती आणि ही शेजारीण कणकेच्या हातांनी माझ्या दारात उभी. "आत्ती, सायेब आल्यात. दोगं हाइत. एकाच्या हातात पेढ्याचा पुडा हाय." पेढे आहेत म्हटल्यावर मी ओळखलं, सही मागायला आलेत. रेश्माला दोघंच दिसले होते. गाडीच्या मागच्या दारानं तिसरा उतरला तो माझा मुलगा प्रशांत, सांगलीहून रजा काढून, त्यांच्याच गाडीतून. ही गोष्ट बुधवारची. तिच्यामुळेच हा कागद लिहायला घेतला, म्हणून ती आधी लिहिली. आता कोरेगावच्या वकीलबाईंनी सांगितलेली सुरुवात करते.

मी, भामाबाई धनाजी खरात, वय त्र्याहत्तर, पूर्वीचा धंदा गुऱ्हाळावर मजुरी, राहणार पळसवडी, ता. कोरेगाव, जि. सातारा, माझ्या मागं माझ्या चीजवस्तूचं काय करायचं ते माझ्याच हातानं लिहून ठेवते. शाळा चौथीपर्यंत. डोकं ठिकाणावर आहे. कोरेगावच्या डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी सांगितला, आणि तुमचं कॅलेंडर अजून मागच्या महिन्यावर आहे हेही सांगितलं. कोणाचा धाक नाही, भूल नाही. नशेत मिश्री धरत असाल तर ती आहे.

कलम १. गावठाणातलं दोन खोल्यांचं घर, मागचा गोठा आणि शेवग्याचं झाड प्रशांतला. पोस्टातले एक लाख चाळीस हजारही त्यालाच, कारण विश्रामबागेतल्या फ्लॅटचे हप्ते त्याच्या मानेवर आहेत. मला ते माहीत आहे. तो सांगत नाही, पण चहात साखर किती घालायची हेही विसरतो, तेव्हा आईला कळतं.

कलम २. माझ्या मालकांची लष्करातली हिरवी ट्रंक, आतल्या तीन पदकांसकट, नात आम्रपालीला. पदकं मोडीत घालू नयेत. गुऱ्हाळावर रसाची मळी काढायचा मोठा झारा सुनेकडेच राहू दे. ती त्यानं भजी तळते आणि चांगली तळते.

कलम ३. हे मुख्य. गट नंबर दोनशे अकरा, क्षेत्र सव्वादोन एकर, मुरमाड. मालक हवालदार म्हणून घरी आले तेव्हा पेन्शनीच्या एकरकमी पैशांतून त्यांनी ही जमीन घेतली. बागायती जमीन आम्हाला कोण देणार होतं? हंबीरराव गुऱ्हाळवाल्यांनी चारचौघांत म्हटलं, "आले बघा मुरमाचे जहागीरदार." मालक नुसते हसले. मी हसले नाही. त्या मुरमात तीस वर्षांत मटकीसुद्धा नीट आली नाही, हे खरं आहे. पण ती डांबरी रस्त्याला लागून आहे. तीन वर्षांमागं गॅसची कंपनी जागा शोधत आली. शेण, साखर कारखान्याचा मळ आणि उसाचं पाचट मोठ्या टाक्यांत कुजवून गॅस करायचा, तो धुऊन नळकांड्यांत भरायचा आणि कुपवाडला गाड्यांच्या पंपावर विकायचा. भाडं द्यायला तेव्हा त्यांच्याकडे पैसे नव्हते. मी म्हटलं, मग वाट्यानं घ्या. विकलेल्या गॅसच्या शंभर रुपयांत आठ माझे. तसा करार झाला, नोंदवला, फोटो काढले. त्या दिवशी त्यांनीच मला शाल घातली. शाल रेश्माच्या सासूला दिली आहे, परत मागू नये.

पुढं दर महिन्याला कागद येऊ लागला. त्याला मी पट्टीच म्हणते. गूळ पेठेत विकला की अडत्या पाठवतो ती पट्टी, विक्री किती, वजा किती, हाती किती. ही कंपनीची पट्टी मी सव्वीस महिने सही करून घेत गेले. ही माझी चूक. पेठेत पट्टीवर सही म्हणजे कागद हाती पडला, एवढंच. आकडा पटला नाही तर पुढच्या बाजाराला जाऊन भांडायचं, अशी आमची रीत. कंपनी आता म्हणते, सही म्हणजे वजावट मंजूर. म्हणून इथं स्पष्ट लिहिते की त्या सव्वीसही सह्या पोचेच्या आहेत, मंजुरीच्या नाहीत.

दिवाळीला आम्रपाली आली. ती कुपवाडच्या एका कारखान्यात हिशेब बघते, रोज स्कूटीवरून जाते. तिनं पट्ट्या मांडल्या आणि म्हणाली, "आजी, तुला शंभराचे आठ मिळत नाहीत. अठ्ठेचाळीसचे आठ टक्के मिळतात." शंभरातून बावीस गॅस धुण्याचे, अकरा दाबून नळकांड्यांत भरण्याचे आणि एकोणीस गाडीभाड्याचे आधीच कापलेले. बावन्न गेले, मग उरलेल्यावर माझा वाटा. मी हसत सुटले. ती म्हणाली, "आगं हसतीस काय?" म्हटलं, हा हिशेब मला येतो गं. सोळा हंगाम मी याच हिशेबाच्या शेजारी उभी होते.

हंबीररावांच्या गुऱ्हाळावर मी मळी काढायचे. काहिलीत रस तापला की काळा फेस वर येतो, तो झाऱ्यानं काढत राहायचं. राहिला तर गूळ काळा पडतो, चिकट होतो, पेठेत कुणी विचारत नाही. हंबीरराव लहान शेतकऱ्यांचा ऊस वाट्यानं घ्यायचे. पट्टी आली की त्यातून बारदान, हमाली आणि गाडीभाडं वजा, आणि उरलेल्यात ऊसवाल्याचा वाटा. मळी काढायची मजुरी मात्र दर शनिवारी हंबीरराव स्वतःच्या खिशातून द्यायचे. माझ्याच हातावर पडायची, म्हणून मला पक्कं माहीत.

तर बुधवारी साहेब बसले. मोठ्या साहेबांचं नाव वीरधवल, वय असेल पस्तीस, बोलायला गोड. दुसऱ्याकडे फाईल. त्यांनी पुरवणी करार पुढं ठेवला. त्यात लिहिलेलं की धुणं, भरणं, नेणं हा सगळा खर्च कायमचा वजा करायला माझी संमती आहे आणि मागचं काही मागणार नाही. बदल्यात पाच लाख रोख.

प्रशांत म्हणाला, "आई, पाच लाख हायत. किती दिस पट्ट्या बघत बसणार?"

"मरंस्तवर," मी म्हटलं. "मग आम्रपाली बघंल."

साहेब म्हणाले, "आजी, गॅस साफ करायला खर्च येतोच. सगळीकडे हीच पद्धत आहे."

"साहेब, टाकीतनं निघतो तो गॅस तसाच पंपावर कोण घेतं का?"

"नाही. त्याला वास असतो, पाणी असतं. इंजिन खराब होतं."

"म्हणजे धुतल्याबिगर तो विकायचा गॅसच न्हाई. आणि माझा वाटा विकायच्या गॅसवर हाय. करारात चौथ्या पानावर हाय, नातीनं खूण केलीया."

फाईलवाल्यानं चौथं पान काढलं आणि बराच वेळ वाचलं. तेवढ्यात मी रेश्माला पिटाळलं, हंबीररावांना बोलवून आण म्हणून. हंबीरराव आता ऐंशीचे, काठी टेकत आले. त्यांच्या गोठ्याचं शेण याच कंपनीला जातं, महिन्याच्या महिन्याला पैसे येतात. मला धाकधूक होती, म्हातारा गप्प बसेल. मी उभ्या उभ्याच विचारलं, "आवं मालक, मळी काढायची मजुरी तुमी ऊसवाल्याच्या पट्टीत कवा धरली व्हती का?"

हंबीररावांनी आधी साहेबांकडे बघितलं. मग म्हणाले, "न्हाई. मळी काढल्याबिगर गूळ कसला? ती मजुरी माजी."

"काका, गूळ वेगळा आणि गॅस वेगळा," वीरधवल साहेब म्हणाले.

"व्हय की. गुळाला डोळ्यानं बघता तरी येतंय," हंबीरराव म्हणाले आणि साहेबांच्याच पुड्यातला पेढा उचलून तोंडात टाकला.

मी काय मान्य करते तेही लिहिते, नाहीतर म्हणतील म्हातारी हटवादी. भरण्याचे अकरा मला मान्य. ते बारदान समजते. गाडीभाडंही मान्य, पण खरं असेल तेवढं. पट्टीत एका खेपेचे साडेनऊ हजार लावतात. गाडी साहेबांच्या मेव्हण्याची. तीच गाडी आधी चालवणारा धुळा म्हणाला, बाहेरची गाडी पाच हजारात जाते, मेव्हण्याच्या खिशातूनही तेवढेच खर्च होतात. धुळाचं नाव मी लिहिलं नसतं. तोच म्हणाला, "लिवा आजी, मी नोकरी सोडलीया, आता मला कोण काडतंय?" म्हणजे एकोणिसाचे दहा झाले. अकरा आणि दहा मिळून एकवीस वजा, राहिले एकोणऐंशी. माझे आठ टक्के एकोणऐंशीवर. मागच्या सव्वीस महिन्यांचा फरकही याच हिशेबानं.

हे सांगितल्यावर वीरधवल साहेबांनी फाईल मिटली. रागावले नाहीत. उलट हसून प्रशांतकडे बघत म्हणाले, "आम्हाला काही घाई नाही आजी. पुढंमागं वारस सही करतीलच."

ते गेल्यावर मी प्रशांतला विचारलं, त्यांनी काय म्हटलं ते कळलं का तुला? तीस वर्षं मुरूम सांभाळला तो माझ्या मरणाची वाट बघणाऱ्यांसाठी नव्हे. वारस कोण ते मीच ठरवणार, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं मी कोरेगावला वकीलबाईंकडे गेले. इतकी खूश मी मालकांना बढती मिळाली तेव्हाही नव्हते.

म्हणून, गट नंबर दोनशे अकरा ही जमीन, तिचा करार, त्यातला शंभरात आठचा वाटा आणि मागचा फरक वसूल करायचा हक्क, हे सगळं माझी नात आम्रपाली प्रशांत खरात हिला एकटीला देते. प्रशांतचा त्यात हक्क नाही. त्यानं यावर रुसू नये. घर त्याला दिलं आहे, आणि मळीचा हिशेब त्याला कधी शिकवला नाही, ही चूक माझी आहे. आम्रपालीनं पुरवणी करारावर सही करू नये. पट्टी घ्यावी, पण सहीच्या वर "फक्त पोच" असं लिहून.

कलम ४. गुऱ्हाळावर आमच्या माणसांना चहा जर्मनच्या वेगळ्या वाटीत मिळायचा. काम सोडलं त्या दिवशी ती वाटी मी न विचारता उचलून आणली. ती फडताळात आहे. माझ्यामागं ती हंबीररावांच्या घरी पोचती करावी आणि त्यांनी एकदा तिच्यात चहा प्यावा. बुधवारी ते खरं बोलले म्हणून एकदाच, नाहीतर मी रोज लिहिणार होते. ते इथं साक्षीला आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये असं वकीलबाई म्हणतात. पण हे देणं नाही, परत करणं आहे. ही ओळ मी त्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "राहू दे. लिव तसंच."

कलम ५. रेश्मालाही साक्षीदार असल्यामुळं काही मिळत नाही. शेवग्याच्या शेंगा ती न विचारता नेतेच, त्या प्रशांतनं पुढंही नेऊ द्याव्यात.

कलम ६. माझं शेवटचं सगळं आपल्या पद्धतीनं करावं, बुद्धवंदना घ्यावी आणि लगेच जेवायला बसावं. कंपनीचा हार घेऊ नये. घेतलात तर पुढच्या पट्टीत त्याचाही खर्च वजा होऊन येईल.

याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. हे वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही: भामाबाई धनाजी खरात

साक्षीदार १: रेश्मा, शेजारीण, राहणार पळसवडी (सही)
साक्षीदार २: हंबीरराव, पूर्वीचे गुऱ्हाळमालक, राहणार पळसवडी (सही)

ठिकाण: पळसवडी, ता. कोरेगाव
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

सही झाल्यावर प्रशांतचा फोन आला, म्हणून खाली लिहिते. साहेबांनी त्याला कळवलं आहे की दहा लाख करतो, आईला तयार ठेवा. त्यानं मला विचारलं, "काय सांगू त्यास्नी?" म्हटलं, या म्हणावं, चहा ठेवते, आणि माझ्यामागं सही कुणाची ते इथं वाचून जा म्हणावं. तो म्हणाला, "मीबी येतो. पर एसटीनं येतो." साहेब शुक्रवारी, एकवीस तारखेला, सकाळी अकराला यायचे आहेत.