मोजायची राहिलेली माणसं

सेंट-लुई, सेनेगल

बाळ मासांबा,

तुझा खोकला कसा आहे? सूनबाई पेंदाची कंबर? छोट्या बिरामला दात आले का? तुझे बाबा बरे आहेत, फक्त चिडचिड वाढली आहे.

समुद्राने आपली मागची भिंत नेली. आता वस्ती पाडून सरकार आत, किनाऱ्यापासून लांब घरं देतंय. तुम्ही मासेमारीला मॉरिटानियात गेलात आणि यादीवाले साहेब आले.

"आजी, घरात माणसं किती?"

जिती माणसं मोजू नयेत, त्यांचं आयुष्य घटतं, हे मी माझ्या आईकडून शिकले. त्यातून तू समुद्रावर. मी म्हटलं, "देवाने दिलीत तेवढी."

"देव घरं वाटत नाही, आजी," साहेब हसले आणि समोर दिसलो तेवढे दोघेच लिहून गेले. खोली एकच मिळाली. तुम्ही परतलात तर राहाल कुठे?

काल कचेरीत जाऊन मी बोटांवर तुम्हा तिघांनाही मोजलं. साहेब म्हणाले, "यादी बंद झाली."

हे सगळं तुला कळवायचा धीर होत नाही, म्हणून पत्र टपालात न टाकता माझ्या कपड्यांच्या पेटीतच ठेवते आहे. पण मी तुम्हाला मोजलंय रे. तिघंही सुखरूप आहात, एवढं सांगणारं तुझं पत्र लवकर येऊ दे.

तुझी आई,
सोखना