शिट्टीपुरतं गप्प

माधवी बाळा,

तुला न उठवताच बडनेऱ्याला निघालो आहे. वाफेच्या जुन्या इंजिनाची खास गाडी आज तिथून जाणार आहे, तिचा व्हिडिओ काढतो. मोठे आबा अशाच इंजिनात कोळसा टाकायचे. आता त्यांना दिसत नाही, नुसतं ऐकू येतं.

मागच्या व्हिडिओत तू विचारत होतीस आणि मी समजावत होतो. अकोल्याच्या दवाखान्यात तो ऐकून ते म्हणाले, "मास्तर, तुह्या शिकवणीत माह्या इंजिनाची शिट्टी गेली ना बे!"

तू सोबत असलीस की मला गप्प राहवत नाही. रागावू नकोस. डॉक्टर म्हणाले, आजच भेटून घ्या. आईला तयार राहायला सांग, दुपारी तिघंही अकोल्याला जाऊ.

तुझे प्रश्न परतताना विचार. मोबाइल त्यांच्या कानाशी तूच धरायचा.

तुझा आबा